शंभरापर्यंत, महिन्याच्या आत

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार
आज पुन्हा चिचोके! तीन तास अंगणवाडीत बसून पोट्टी घरी काय घेऊन आली, तं मूठभर चिचोके अन् फ्राकभर माती. काय शिकवलं मॅडमनं? खेळलो. शनिवारी? खेळलो. शुक्रवारी? तेच. खेळाले आमच्या अंगणात जागा नाही का? त्यासाठी विहाराच्या मांगं सरकारी खोली कायले बांधली? राखी मॅडमले विचारलं तं हसून म्हणते, तुळसामावशी, हे गणितच आहे. चिचोके म्हणजे गणित! मग चिंचेचं झाड म्हणजे कलेक्टर असेल.

नात माझी, खुशबू, साडेचार वर्षांची. काल जेवताना सुनेनं, मनालीनं, शर्त टाकली. महिन्याच्या शेवटपर्यंत पोरीले शंभरापर्यंत आलं नाही, तं तिले कॉन्व्हेंटमध्ये टाकायचं अन् तिघांनी साकोलीले खोली करून राहायचं. जीवन, माझा पोरगा, तिथंच टायरच्या दुकानात कामाले आहे, रोज मोटरसायकलनं जाते-येते. तो मुंडी खाली घालून वरण ओरपत राहिला. त्याचा बापही असाच होता, बोलायच्या वेळी वरण.

मले काय, गेले तं जा. मीच मोकळी होईन. पण प्रश्न पोरीच्या शिक्षणाचा आहे. मी तिसरी पास आहे अन् तिसरीत पहिली होती. चौथीत बसलीच नाही, ते वेगळं. आठ दिवसांत शंभर करून दाखवते. गॅरंटी. खताच्या दुकानाची ही डायरी कोरी पडली होती, त्यात रोजचा रिपोर्ट लिहीन.

५ फेब्रुवारी, सकाळी ६
टाइमटेबल केलं. सकाळी सहा ते सात आकडे. दुपारी आकडे. दिवेलागणीले आकडे. रविवारी सुट्टी नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
खुशबू उठलीच नाही. तिले उठवाले बाजूले आडवी झाली, तं माझाच डोळा लागला. थंडीच तशी आहे. उद्यापासून पक्कं.

८ फेब्रुवारी
उद्यापासून म्हटलं होतं, पण मधात दोन दिवस बचत गटाची मीटिंग अन् शेजारच्या बेबीबाईच्या घरचं बारसं निघालं. शिक्षणाले गावच आडवं येते.

आज बसवलंच. दहापर्यंत बरोबर. अकराच्या पुढं तेरा, मग सोळा, मग म्हणते बकरीनं दोर सोडला. मी म्हटलं बकरी गेली चुलीत, बारा म्हण. पोट्टी म्हणते, बकरीचे पाय चार, तुझे दोन, ती पुढं जाईल. आगाऊपणा! एक चापट दिली. हलकी. मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मी बिस्किटाचा पुडा आणला. माफी म्हणून नाही, घरात बिस्किटं संपलीच होती.

मारून शिकवायचं नाही, असं ठरवलं. कोणाच्या सांगण्यावरून नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार
आठ दिवस झाले. वीसपर्यंत येते, पण अधेमधे कुठंही उडी मारते. हे माझ्यामुळं नाही. मी सकाळी भरते अन् अंगणवाडी दुपारपर्यंत सांडवते.

म्हणून भांडालेच गेली. पाहते तं काय, सगळ्या पोट्ट्यांच्या चपला मधात ढीग करून ठेवलेल्या अन् पोट्टे जोड्या लावून राहिले! लहान चप्पल इकडं, मोठी तिकडं. माझ्या नातीच्या हातात कोणाची तरी चिखलानं भरलेली चप्पल. मी दारातूनच ओरडली, राखी मॅडम, आमच्या पोरीले चपलांच्या दुकानात लावायचं आहे का? राखी म्हणते, मावशी, बसा ना. खुशबूनं कसं ओळखलं पाहा, बारा पोरं आहेत अन् तेवीसच चपला, म्हणजे एक हरवली. मी म्हटलं, हरवली तं शोध, गणित कायले करते? सगळे पोट्टे हसले. मी निघून आली. वाद घालण्यात अर्थ नसते.

(चप्पल गोलू नावाच्या पोट्ट्याची होती, दाराबाहेर कुत्र्यानं नेली होती. सापडली.)

१४ फेब्रुवारी
आजपासून माझी स्वतःची पद्धत. राखीची सुट्टी. शेतातली लाखोरीची डाळ निघाली आहे, अंगणात ढीग पडला. मी पायलीनं मोजून पोत्यात टाकत होती, खुशबू पोत्याचं तोंड धरून उभी. मी जोरात म्हणायची, ती मांगं म्हणायची. माझ्या आईनं मले असंच शिकवलं. पहिल्या मापाले लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. एक म्हटलं तं धान्य एकटं पडते, घरात टिकत नाही.

पोट्टी अशी रमली! दुपारी जेवाले येईना. मग तिनं वाटी घेतली अन् आपलं वेगळं दुकान मांडलं, मी गिऱ्हाईक झाली. दोन वाट्या मागितल्या तं तीन दिल्या अन् म्हणते एक तुले तशीच, तू म्हातारी आहे. तासभर गेला, कळलंच नाही.

हा खेळ नाही हं. हे काम आहे. फरक असते.

१८ फेब्रुवारी
चार दिवस पोतं, वाटी, दुकान. आता वीसपर्यंत पाण्यासारखं येते, एकही चुकत नाही. बेबीबाईले भिंतीवरून बोलावून ऐकवलं. बेबीबाई म्हणते, अन् एकवीस? मी म्हटलं, वीस आले म्हणजे पुढचे आपोआप येतात, तुले काय समजते. तिच्या नातवाले तं नाक पुसता येत नाही.

उरलेले ऐंशी पुढच्या आठवड्यात.

२३ फेब्रुवारी, शनिवार
ऐंशी व्हायचे आहेत. लाखोरी संपली. धान कोठीत आहे, पण जीवन हात लावू देत नाही, म्हणते आई, पोतं खोलून पुन्हा भरायचं म्हणजे काय? शिक्षणाची किंमत नाही या घरात. उद्या रविवार, जीवन घरी, म्हणून मनालीनं उद्याच टेस्ट ठेवली. मले काळजी नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट झाली. पुढचं लिहावं का नाही ते समजून नाही राहिलं.

जीवन खाटेवर, मनाली उंबऱ्यात, बेबीबाई न बोलावता. मी म्हटलं, म्हण बेटा. खुशबू ताठ उभी राहिली अन् खणखणीत आवाजात: लाभ, दोन, तीन, चार... मनाली म्हणे, थांब, थांब, पहिलं काय म्हणाली? पोट्टी म्हणे, लाभ. मनाली माझ्याकडं पाहून म्हणते, आई, कॉन्व्हेंटच्या मॅडमसमोर असं म्हटलं तं तिथूनच वापस पाठवतील. मी म्हटलं, ती मॅडम कधी धान मोजाले गेली आहे का?

पुन्हा सुरू केलं. विसाव्यावर पोट्टी थांबली. मी म्हटलं पुढं. ती म्हणे, पोतं भरलं आजी, तोंड बांध. अन् आपले दोन्ही हात पसरून पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. बेबीबाई अशी हसली की तिले पाणी द्यावं लागलं. जीवनही हसला. मनाली हसली नाही.

टेस्ट घेण्याची पद्धतच चुकीची होती.

२५ फेब्रुवारी
सकाळीच अंगणवाडीत. राखीले म्हटलं, महिनाभर चिचोके खेळवून माझ्या पोरीचं वाटोळं केलं, आता लिहून दे की हिले गणित येते. मले वाटलं भांडेल. ती म्हणे, लिहून कायले, पाहा ना. खुशबूले म्हणे, आज कोण कोण नाही आलं, त्यांचं सोडून बाकीच्यांले एकेक लाडू आण. पोट्टीनं चारी बाजूले पाहिलं, बोटांवर मोजलं अन् आतून नऊ लाडू घेऊन आली. नऊच पोट्टे होते. एक उरला नाही, एक कमी पडला नाही.

मले राग आला. म्हटलं, मग आधी काहून नाही सांगितलं? राखी म्हणे, मावशी, तुम्हाले दोनदा सांगितलं, तुम्ही ओरडत होत्या. अन् मग हळूच म्हणे, मनालीताईंलेही सांगितलं होतं, जानेवारीतच. त्या स्वतः विचाराले आल्या होत्या. मीच म्हटलं की पोरगी हुशार आहे, शंभराची घाई करू नका.

जानेवारीत.

म्हणजे शर्त टाकायच्या आधी.

२८ फेब्रुवारी
मनालीले विचारलं. तिनं भाकर तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणे, आई, जीवन रोज अंधारात मोटरसायकलनं येते, मले झोप लागत नाही. तुम्हाले सरळ सांगितलं असतं तं तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. खोली पाहून ठेवली आहे. पंधरा मार्चले जाऊ.

मी घर डोक्यावर घेत नाही. मी एवढंच म्हटलं, अन् तेही हळू आवाजात. बेबीबाई म्हणते तिच्या घरापर्यंत ऐकू आलं. तिचे कान तसेच आहेत.

६ मार्च, बुधवार
सामान बांधणं सुरू. मनालीनं खुशबूले सांगितलं, सगळ्यांचं एकेक भांडं काढ. पोट्टीनं तीन ताटं काढली, तीन गिलास, तीन वाट्या. तीन गोधड्या आणून वर ठेवल्या. मी म्हटलं, नीट मोज, चुकलं. तिनं पुन्हा मोजलं, बोट लावून लावून. म्हणे, नाही चुकलं आजी. बाबा, आई, मी. तू तं इथं आहे ना.

कोणी शिकवलं हिले असं मोजाले? एकदम बरोबर मोजते. चूक काढाले जागाच नाही ठेवली पोट्टीनं.

मी काही कोणाच्या मांगं लागत नाही. घर आहे, बकरी आहे, बेबीबाई आहे, तिचं तोंड आहे. पण पोरीचे एकवीसपासून शंभरापर्यंत बाकी आहेत अन् हे काम अर्धवट सोडणं मले पटत नाही. हे पान फाडून उद्या जीवनच्या डब्याखाली ठेवते. जीवन, वरण ओरपू नको, वाच. त्या खोलीत चवथी गोधडी मावते का नाही? हो का नाही, तोंडानं सांग. रविवारी, दहा तारखेले, दिवे लागायच्या आत मले उत्तर पाहिजे.