आपला अर्ज प्रक्रियेत आहे

३ फेब्रुवारी, सकाळी
नवी वही, पहिलं पान. वजनकाट्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. कारखानाच बंद पडला, त्याला माझा इलाज नव्हता. असो. डगमगणाऱ्यातला मी नाही. बेकारी भत्त्याचा अर्ज काल भरला. नियम स्पष्ट आहे: एकवीस दिवसांत निर्णय. कॅलेंडरवर २३ तारखेला गोल केला. बायको म्हणाली, पेन्सिलने करा. मी पेनने केला.
संकल्प: रोज सहाला उठणे. रोज दोन ठिकाणी नोकरीसाठी अर्ज. घरात चिडचिड बंद.

४ फेब्रुवारी
सहाला उठलो. उठून काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून परत झोपलो. उद्यापासून आधी यादी.

११ फेब्रुवारी
साडूचा फोन. त्याची लॉन्ड्री आहे, दोन हॉस्पिटलांच्या चादरी धुतात. सुपरवायझर हवाय म्हणाला. वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, सगळेच या. बायको लगेच बॅगा कुठे आहेत ते बघायला लागली. तिला शांतपणे समजावलं की आत्ता नोकरी धरली तर अर्ज रद्द होतो. नऊ दिवस पाण्यात. आणि बाराच तर उरलेत. ती म्हणाली, लोक नोकरी मिळेपर्यंत भत्ता घेतात, तुम्ही भत्ता मिळेपर्यंत नोकरी थांबवताय. बोलायला हुशार आहे, पण प्रोसिजर कळत नाही.
साडू मार्च अखेरपर्यंत थांबतो म्हणाला. भला माणूस. पण चादरी? मी स्टोअरचा माणूस.

२३ फेब्रुवारी
फोनवर दहा वेळा बघितलं. 'आपला अर्ज प्रक्रियेत आहे.' शुभलक्षण. प्रक्रियेत आहे म्हणजे कुणीतरी हातात घेतलाय. लेक म्हणाली, बाबा, हेच वाक्य ३ तारखेलाही होतं. तिला म्हटलं, तेव्हा नुसतं होतं, आता खरं आहे.

२६ फेब्रुवारी
प्रत्यक्ष ऑफिसात गेलो. अकरा खिडक्या. दोन उघड्या. त्यातली एक चौकशीची, तिथे सांगतात चार नंबरला जा. म्हणजे एकच. बाकी खुर्च्यांवर प्लॅस्टिक चढवलंय, कॉम्प्युटरवर धूळ. वॉचमनने माहिती दिली: आठ जणांना गेल्या वर्षी कमी केलं, एक आजारी रजेवर. चौकशीवाले एप्रिलअखेर रिटायर. राहिल्या चार नंबरच्या बाई.
साडेतीन तासांनी नंबर लागला. माझा अर्ज कुठे आहे विचारलं. बाईंनी न बघता मागे बोट दाखवलं. मागे खोली होती. खोली भरलेली होती.
एका बाजूला काम नसलेली माणसं, दुसऱ्या बाजूला माणसं नसलेलं काम, मध्ये काच. हे मी बायकोला सांगितलं. चांगलं जमलंय म्हणाली. आणि भत्त्याचं काय म्हणाली.

२ मार्च
आज माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. रांगेत उभा राहून हिशोब केला. दर दहा माणसांतली सात परत जातात, कारण तिसऱ्या पानावर सहीच नसते. खिडकीपाशी पोचल्यावर कळतं. मग भांडण, मग बाईंचा आवाज चढतो, मग पुढचा. मी दारातच उभा राहिलो आणि प्रत्येकाचं तिसरं पान तपासून पुढे सोडायला लागलो. दुपारपर्यंत रांग अर्धी. बाईंनी प्रथमच मान वर करून बघितलं. निघताना म्हणाल्या, उद्या आहात ना?
अनुभव लपत नाही.

९ मार्च
वॉचमनने प्लॅस्टिक काढून एक खुर्ची दिली. टेबल पण. एक पाय डुगडुगतो. रजिस्टर आखलं, चार रकाने. सकाळी नऊ ते पाच. सहाला आपोआप जाग येते, म्हणजे पहिला संकल्प पूर्ण.
एक म्हातारा वेल्डर आला होता. आयुष्यभर ठिणग्यांपुढे बसून हात थरथरतात, पेन धरवत नाही. त्याचा अख्खा अर्ज मी लिहिला, सुवाच्य अक्षरात. मला साहेब म्हणाला. म्हटलं, साहेब म्हणू नका. परत म्हणाला. दुसऱ्यांदा टोकलं नाही, उगाच त्याला वाईट वाटायचं.

१६ मार्च
गळ्यात घालायचं कार्ड मिळालं. वॉचमनने ड्रॉवरमधून काढून दिलं. त्यावर 'अभ्यागत' लिहिलंय, पण उलटं घातलं की दिसत नाही.
बाई जेवतात उभ्याउभ्या, फायलींच्या खोलीत. आज डबा तसाच परत नेला. कुणीतरी काचेवर बुक्की मारून बरंच काही बोलला होता. मी त्याला बाहेर नेऊन पाणी दिलं, त्याची चूक नव्हती. बाईंची पण नव्हती. बाई म्हणाल्या, तुम्ही आल्यापासून मला रात्री झोप लागते. एवढं बावीस वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं.
बायकोने विचारलं, आणि आपला अर्ज? म्हटलं, आता मी आत आहे. कामं आतून होतात. तिने विचारलं, आत म्हणजे काचेच्या कुठल्या बाजूला? मी विषय बदलला.
नोकरीचे दोन अर्ज रोज राहून जातात. वेळच नसतो.

२४ मार्च
साडूचा फोन. येताय का नाही, एकदा सांगा. त्याला चित्र समजावलं: आठ जागा रिकाम्या, आज ना उद्या भरणार. भरताना कुणाला घेतील? जो काम करतोय त्याला. तो हं म्हणाला. बायकोने विचारलं, बाईंनी तसं कबूल केलंय का? काही गोष्टी बोलायच्या नसतात.
तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन बहिणीशी अर्धा तास बोलली. हळू आवाजात.

१ एप्रिल
साडूने सुपरवायझरची जागा भरली. बायकोला घेतलं.
आधी वाटलं, आजच्या तारखेची थट्टा आहे. नाही. ती म्हणाली, चादरी मोजायच्या, खुणा करायच्या, नोंद ठेवायची, हे स्टोअरचंच काम आहे, मी तुमचं बावीस वर्षं ऐकतेय. म्हणजे श्रेय माझंच.
रविवारी ती आणि लेक जाणार. मी थांबणार. निकालाचं पत्र याच पत्त्यावर येईल, घरी कुणीतरी हवं. आणि आता मला काम सोडून जाता येत नाही.

५ एप्रिल
गेल्या. लेकीने फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे: गॅस बंद करणे. बाबा, खरंच बंद करणे. बायको गाडीत बसताना म्हणाली, अहो, तुम्ही पण चला ना. एकदाच म्हणाली. मी पत्राचं सांगितलं. तिने मान हलवली, पण हो अशी नव्हे.
घर मोठं वाटतंय. स्वच्छ ठेवायला सोपं जाईल.

७ एप्रिल
वेल्डरचा भत्ता मंजूर! माझ्या अक्षरातला अर्ज. आपलंच काम झाल्यासारखं वाटलं. बायकोला घेऊन आला होता, टेबलाचा डुगडुगता पाय नीट करून गेला. त्याच्या बायकोने विचारलं, साहेब, किती वर्षं झाली इथे? म्हटलं, तशी नवीनच बदली आहे. निघून गेलं तोंडातून. दुरुस्त करणार होतो, पण रांग होती.

१५ एप्रिल
मोठा दिवस. मुख्य कार्यालयातून तपासनीस आले. बाई फाईल शोधायला मागे गेल्या होत्या, म्हणून मीच पुढे झालो. रजिस्टर दाखवलं, पद्धत सांगितली. पाऊण तास एका माणसाने एवढं लक्ष देऊन ऐकलेलं आठवत नाही. सगळं टिपून घेतलं. नाव, कधीपासून येता, किती तास. मी अचूक सांगितलं: २ मार्चपासून, नऊ ते पाच, एकही खाडा नाही. टेबलाशी बसलेला फोटोही काढला. कॉलर नीट केली.
बायकोला फोन केला की इंटरव्ह्यू छान झाला. तिने विचारलं, कसला इंटरव्ह्यू? सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमचा फोटो कशाला काढला? आयकार्डासाठी, दुसरं काय.

२१ एप्रिल
पत्र आलं! दहा आठवडे हलत नव्हतं ते तपासणीनंतर सहा दिवसांत. मनात आणलं तर हे लोक किती पटापट करतात. उतरवून ठेवतो:
'अर्जदार दि. २ मार्चपासून पूर्ण वेळ कामावर असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. सबब, बेकारी भत्त्याचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' सोबत माझा फोटो. फोटो चांगला आलाय.
डोकं शांत ठेवून विचार केला. सरकारच लेखी देतंय की मी कामावर आहे. मग पगार? चौकशीच्या खिडकीत विचारलं. त्यांनी यादी बघितली. पगाराच्या यादीत माझं नाव नाही. म्हणजे भत्त्यापुरता मी नोकरीत, पगारापुरता बेकार. अपील करता येतं. कुठे? चार नंबरला. किती दिवस? नऊ महिने. अपिलाकडे माणसं नाहीत.

२२ एप्रिल
बाईंना म्हटलं, एक ओळ लिहून द्या, हा गृहस्थ आमचा कर्मचारी नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, अहो, तुम्ही खरंच... मला वाटलं तुम्हाला वरून पाठवलंय.
दोन दिवस नव्हे, पन्नास दिवस. पहिल्या दिवशी कामात विचारायचं राहिलं, मग विचारायची भीती वाटायला लागली म्हणाल्या. विचारलं आणि गेलात तर? मार्चमध्ये त्यांनी वर कळवलं होतं, मदतीला माणूस मिळाला, आभारी आहे. त्यावर वरून उत्तर आलं की मग दुसरा क्लार्क मंजूर केला होता तो आता लागणार नाही. जागा रद्द.
ती एकच जागा होती.
लिहून द्यायला तयार झाल्या. पेन उचललं. मग हळूच म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला फायली हाताळू दिल्या असं होईल ते, माझी नोकरी जाईल. पेन हातातच होतं. मी म्हटलं, राहू द्या. कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्या रडत होत्या की काय ते बघायला थांबलो नाही, बाहेर रांगेत ओरडा सुरू झाला होता.

२३ एप्रिल
गेलो नाही. सहाला जाग आली.

३० एप्रिल
अपिलासाठी रांगेत. दारात कुणीही नाही, सह्या तपासणारं. माझ्या पुढे चाळीस माणसं, त्यातली बहुतेक परत गेली, भांडत भांडत. बाई काचेमागे. माझ्याकडे बघितलं नाही, किंवा ओळखलं नाही. चारला खिडकी बंद झाली, माझ्या पुढे सहा जण होते.
बायकोला सांगितलं, थोडी टेक्निकल अडचण आहे. ती हसली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी हलकेच विचारलं, साडूकडे आणखी एखादी जागा? ती म्हणाली, विचारते. मागे मशीनचा आवाज येत होता. कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली.

४ मे
साडूचा निरोप: सध्या नको. पुढे बघू.

११ मे
सकाळी लवकर गेलो, आज अपील द्यायचंच असं ठरवून. दाराला कुलूप. काचेवर कागद: 'कर्मचाऱ्यांअभावी हे कार्यालय आजपासून बंद करण्यात येत आहे. अर्जदारांनी फोनवर संपर्क साधावा.' फोन लावला. आपण रांगेत आहात असं एक बाई म्हणाली आणि संगीत सुरू झालं.
वॉचमन पायरीवर बसला होता, साध्या कपड्यांत. बाईंनी शुक्रवारी राजीनामा दिला म्हणाला.
पन्नासेक माणसं जमली होती. मला बघून बाजूला सरली, वाट करून दिली. कुणीतरी म्हणालं, साहेब आले. एक बाई पुढे आली, हातात कागदांची पिशवी, कडेवर पोर. म्हणाली, साहेब, आम्ही आता कुठे जायचं?
मी म्हटलं, मला माहीत नाही. मी इथला नाही.
तिला खरं वाटलं नाही. चिडली. सगळे साहेब वेळ आली की असंच म्हणतात म्हणाली. मग कुठले तुम्ही?
सगळे माझ्याकडे बघत होते.
घरी आलो. सव्वाअकरा वाजलेत. अख्खा दिवस शिल्लक आहे.