कॉन्स्टन्सची खोली

किचनर, ओंटारियो
रविवार, २ मार्च २०२५

कॉन्स्टन्स यांना डिम्पलचा नमस्कार.

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, पण ते खरं नाही म्हणून दुसरा कागद घेतला. तुम्ही बऱ्या असाल, स्कारबरोतले रस्ते एव्हाना मोकळे झाले असतील. आमच्याकडे ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंचे ढीग अजून कमरेएवढे आहेत. बुधवारी राखेचा बुधवार, पण यंदा चर्चला जाणं होईलसं वाटत नाही.

हे पत्र ट्रेसीच्या हाती देते आहे. ती आली की एकच सांगते, "डिम्पल, जस्ट कॉल मॉम." तुमचे फोन आले होते. मी पाहिले, उचलले नाहीत. फोनवर मी काहीतरी लागट बोलून बसले असते आणि विचारायचं ते राहून गेलं असतं.

विचारायचं आहे ते इन्शुरन्सचं. मागची फॅमिली रूम तुम्ही ह्या घरात असताना हौसेने बांधून घेतलीत. तिचं परमिट काढलं होतं का आणि कॉन्ट्रॅक्टर कोण होता, हे इन्शुरन्सच्या बाईंना हवं आहे. त्या म्हणतात, मोठ्या उतरत्या छताला खेटून असं सपाट छत काढलं की वरचा बर्फ घसरून खालच्यावर साठणारच. आणि तो वेळच्या वेळी काढायची जबाबदारी मालकाची. आम्ही काढला नाही असं ठरलं तर भरपाई पूर्ण मिळणार नाही. दुरुस्तीचा अंदाज ऐकून मी बेसमेंटच्या पायरीवर तशीच बसून राहिले होते.

ती खोली मला कधीच आवडली नाही, हेही सांगून टाकते. लग्न होऊन ह्या घरात आल्यावर मी तिचे पडदे बदलले, सोफा बदलला, भिंतींना पिवळा रंग दिला. तरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "कॉन्स्टन्सने काय उजेडाची खोली काढली आहे!" नाताळचा गोठा मी मुद्दाम पुढच्या खोलीत मांडला, तर फादरनीसुद्धा विचारलं, यंदा मागच्या खिडकीपाशी नाही का? मी हसून सगळ्यांना चहा दिला आणि भांडी घासताना रडले.

गॅरेजमध्ये तुमचा तो लांब दांडा होता, पुढे आडवी फळी लावलेला, जमिनीवर उभं राहून छतावरचा बर्फ खाली ओढायचा. त्यावर तुम्ही लाल नेलपॉलिशने तुमचं नाव लिहिलं होतं. गाडीतून उतरलं की रोज समोर तेच. मागच्या उन्हाळ्यात गॅरेज सेलमध्ये मी तो एका म्हाताऱ्याला जवळजवळ फुकट देऊन टाकला. फ्रँकलिनला सांगितलं नाही.

यंदाचा फेब्रुवारी तुम्हीही पाहिलात. एक वादळ सरतं न सरतं तोच दुसरं. त्या रविवारी सकाळी फॅमिली रूमचं दार अडकायला लागलं. खांद्याने ढकललं तेव्हा उघडलं. फ्रँकलिनने वर पाहिलं, सीलिंगला केसाएवढी चीर गेली होती. "वजन आलंय," तो म्हणाला. छतावरचा बर्फ काढणाऱ्या लोकांना फोन केला. त्यांनी नऊशे डॉलर सांगितले आणि गुरुवारच्या आधी माणूस मिळणार नाही म्हणाले. मग तो गॅरेजमध्ये गेला आणि हात हलवत परत आला.

"तो लांब दांडा कुठे गेला गं?"

मी सांगितलं. तो काही रागावला नाही. नुसतं म्हणाला, "कॉन्स्टन्स खालूनच सगळं ओढून काढायची. शिडीची गरजच पडत नसे."

किती साधं वाक्य. पण मी म्हटलं, "मग तिलाच बोलव ना. नाहीतरी घर अजून तिचंच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बूट घातले आणि शिडी काढली. दरवेळी तो शिडीवर चढला की मी खाली धरून उभी असते. त्या दिवशी मी किचनमध्ये हाताची घडी घालून उभी राहिले. वर त्याचं बर्फाचं शोव्हल खरवडत असलेलं ऐकू येत होतं. मनात म्हणत होते, दमू दे, दमला की कळेल त्याला.

मग घराच्या वरच्या छतावरून काहीतरी मोठं सरकल्यासारखा आवाज आला. आणि लगेच जाड लाकूड मोडावं तसा. किचनचा दिवा हलला. फॅमिली रूमचं दार उघडायला गेले तर ते हलेना, पलीकडून बर्फाने दाबून धरलेलं. मी तशीच चपला घालून बाहेरून वळसा घेऊन धावले. छत मधोमध खाली आलं होतं. पिवळी भिंत दिसत होती आणि तिच्याखाली नुसतं पांढरं.

शेजारचे हेरॉल्ड धावत आले. त्यांनी आधी नाइन-वन-वनला फोन केला, मग शोव्हल घेतलं. मी हातांनीच उकरत होते. आधी त्याचा बूट लागला. हेरॉल्ड धापा टाकत म्हणाले, "कॉन्स्टन्स नेव्हर लेट इट पाइल अप." तो माणूस ह्या वयात माझ्या नवऱ्याला बाहेर काढत होता, आणि त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा राग आला. माझी ही गत आहे.

कंबरेचं हाड मोडलं, दोन बरगड्या, डोक्याला मार, हे तुम्हाला ट्रेसीने सांगितलंच असेल. पुढचं तिलाही माहीत नाही. ती येते तेव्हा तो बहुतेक गुंगीत असतो.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आला तेव्हा त्याची नजर माझ्यावरून भिंतीवर गेली आणि त्याने विचारलं, "कॉनी कुठाय?" मला वाटलं, औषधांचा अंमल असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, डोक्याच्या मारामुळे गोंधळ होतो, हळूहळू निवळेल, वाद घालू नका. तो काही खाईना. नळ्या ओढायचा. नर्सने मला विचारलं, "आर यू कॉनी?" मी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

मी सुपाचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. त्याने डोळे मिटूनच विचारलं, "कॉनी, तू आलीस?"

मी म्हटलं, "हो, आले."

त्याने तोंड उघडलं.

तेव्हापासून मी तुम्ही होऊन त्याला भरवते आहे. तुमचा आवाज ट्रेसीच्या स्पीकरफोनवर ऐकलेला तेवढाच. तसा जरा जाड काढते. तो विचारतो, ट्रेसीला शाळेतून आणलं का, मी हो म्हणते. वसईला पैसे पाठवले का, हो. छतावरचा बर्फ काढलास का? हो म्हणते आणि तोंड फिरवते. माझा हात हातात घेऊन तो ज्या आवाजात 'कॉनी' म्हणतो, त्या आवाजात चार वर्षांत त्याने 'डिम्पल' म्हटलेलं मला आठवत नाही. आणि तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण एक-दोनदा तुम्ही असायला मला बरं वाटलं. घरी येऊन मात्र तुमच्या नावाने बोटं मोडली.

तुमच्यात काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारलं तर तुमचं नाव घरात येईल, म्हणून मी कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. माझं लग्न तुम्ही घर सोडून गेल्यावर तीन वर्षांनी झालं, तेव्हा माझा त्यात काही हात नाही, एवढंच मी स्वतःला बजावत आले.

परवा शुक्रवारी भात भरवत होते. अर्धा झाला आणि तो थांबला. डोळे उघडे होते, पण बघत होता ते मला नव्हे. म्हणाला, "कॉनी, मी त्या दिवशी बोललो ते मनापासून नव्हतं. तू मला माफ केलंस का?"

मी चमचा खाली ठेवला. इतके दिवस सगळ्याला हो म्हणत आले होते, ह्यालाही म्हटलं असतं तर तो शांत झोपला असता. पण ते तोंडातून निघेना. हो म्हणायचं की नाही, ते ठरवणारी मी कोण? मी पाणी आणते सांगून बाहेर आले आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत गेले तर तो वाट बघत होता. पुन्हा तेच विचारलं. कालही विचारलं, आजही. जेवण पुन्हा टाकलं आहे.

म्हणून लिहिते आहे. परमिटचं नंतर सांगितलंत तरी चालेल, नाही सांगितलंत तरी चालेल.

तुम्ही या. काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही म्हणायचं असेल तर तेही तुमच्याच तोंडून ऐकू दे त्याला. माझ्याकडून फसवून घेतलेलं हो त्याला नको. पुढे डोकं ताळ्यावर आलं आणि त्याला कळलं, तर तो माझ्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघेल?

दुपारी दोननंतर भेटायला सोडतात. ट्रेसीला खोली माहीत आहे. त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं आहे, तेव्हा डाव्या बाजूला बसा. तुम्ही आलात की मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये जाईन, तुम्हाला जागा करून देईन. तेवढं मी करू शकते.

दार मात्र उघडं असू द्या.

वाट बघणारी,
फ्रँकलिनची बायको
डिम्पल