मदतकट्ट्यावरचा देवदत्त

३ फेब्रुवारी
दहिसरचं घर झकास आहे. बारावा मजला, खिडकीतून नदी दिसते. ओहोटीला वास येतो, पण चालतंय. जुन्या ऑफिसातल्या शुभाताईंनी आज मला त्यांच्या 'मदतकट्टा' ग्रुपवर घेतलं. मोबाइल, कॉम्प्युटर अडला की लोक विचारतात, आम्ही फुकट सांगतो. सौरभ म्हणून एक जण आहे, काम होईपर्यंत माणसाला सोडत नाही. मी मुलुंडच्या एका आजोबांना व्हिडिओ कॉल लावायला शिकवला. मस्त वाटलं.

१० फेब्रुवारी
देवदत्त नावाचा एक जण डोकं खातोय. फोन अडकतो म्हणे. मॉडेल विचारलं तर सांगत नाही. वर म्हणतो, लवकर सांगा, बसूनच तर असता! शुभाताई म्हणाल्या, सांभाळून घे गं.

११ फेब्रुवारी
आज सगळ्यांसमोर मला बिनकामाची म्हणाला. मी गोड शब्दांत लिहिलं, फोन पूर्ण रिसेट करा, काही जात नाही. सगळं जातं, मला माहीत होतं. त्याने केलं. मी निवांत चहा घेतला.

१३ फेब्रुवारी
त्याचा मला एकटीला मेसेज. फोनमध्ये आईचा आवाज होता. आई दिवाळीत गेली. दुसरीकडे कुठेच ठेवला नव्हता. शिव्या नाहीत. शेवटी फक्त, थँक्यू ताई.
जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी
ग्रुपवर माझं कौतुक करतोय. ताईंना पेढे द्यायचेत, पत्ता मिळेल का? शुभाताईंनी देऊन टाकला. इमारत, मजला, सगळं—

१६ फेब्रुवारी, दुपार
ग्रुपवर त्याचा प्रश्न. म्हातारी आई घरात अडकलीय, लॅच बाहेरून कसं उघडू? सगळे धावले मदतीला. सौरभने व्हिडिओ टाकला. मी लिहिलं, सांगू नका, त्याची आई गेलीय, तो माझ्या दाराशी— शुभाताईंनी मलाच काढलं. एवढी कशी गं निर्दय, म्हणाल्या. आता फोन उचलत नाहीत. पोलिसांना लावला. येतो म्हणाले.

लॅच फिरलं.
वरची कडी आहे अजून—

बाहेर रडतोय. नाही, रडल्यासारखं बोलतोय. कडीचं काय करू, विचारतोय. स्पीकरवर सौरभ. किती शांतपणे समजावतोय— घाबरू नका दादा, होईल— फक्त आईंना सांगा, दारापासून जरा मागे—