दुसरा ड्रायर

सोमवार, ३ नोव्हेंबर

१. कारखान्यात पुठ्ठा वाळवणाऱ्या दोन्ही ड्रायरचे पंखे आता कंट्रोलरवर चालतात. सेन्सर ओलावा मोजतो, त्याप्रमाणे पंखा वेग बदलतो.
२. दोन्हींचा प्रोग्राम मी लिहिला.
३. पहिला ड्रायर माझ्याकडे, दुसरा धाकट्या बहिणीकडे.
४. वीज तिच्या ड्रायरची जास्त वाचली.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बहिणीकडून शिका जरा." मी हसले. बऱ्यापैकी हसले असावे.

पूर्वी पंखे कायम पूर्ण वेगात आणि हवेची झडप अर्धी बंद – ब्रेक दाबून गाडी पळवावी तसं! तो मूर्खपणा मी थांबवला. शाबासकी तिला. आता तिसरा ड्रायर येतोय. त्याची प्रमुख आम्हा दोघींपैकीच एक होणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तिला गाठायला माझ्या कंट्रोलरचा प्रतिसाद वाढवला – ओलावा जरा हलला की पंख्याचा वेग जास्त बदलावा म्हणून. दुपारी आणखी वाढवला. पुठ्ठा आधी कडक, मग दमट. परत कमी केला. फोरमनकाका म्हणाले, "ताई, तुमच्या पंख्याला दमा झालाय!" पलीकडे तिचा पंखा एका सुरात. शेजारी ती सफरचंद खात उभी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जेवताना विचारलंच, सहज विचारल्यासारखं – काय बदललंस? "काही नाही गं ताई. तू घातलेलेच आकडे आहेत." आई म्हणाली, "हिला लहानपणापासून धीर नाही. कुंडीत बी पेरायची आणि रोज उकरून बघायची." दोघी खिदळल्या.

माझा विश्वास नाही. लपवतेय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिल्या दिवशीचे आकडे परत घातले आणि हात खिशात घालून उभी राहिले. पंखा चक्क शांत झाला. वेग बदलला की त्याचा परिणाम पुठ्ठ्यावर दिसायला वेळ लागतो. तो मी कधी दिलाच नव्हता; पहिल्या दिवसापासून रोज आकडे बदलत आले.

म्हणजे ती खरं बोलत होती. हे जास्त झोंबलं. माझंच काम तिला सांभाळता आलं, मला नाही!

आता तरी जळफळाट थांबावा ना? छे. हात शिवशिवतायत – थोडंसंच वाढवलं तर तिच्या पुढे जाईन.

सोमवार, १० नोव्हेंबर

धाकटीच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली:

"तिसऱ्या ड्रायरसाठी साहेबांना तुझं नाव सांगितलंय. माझ्या ड्रायरच्या सेटिंगला पासवर्ड घाल. तो मला सांगू नकोस. घालशील का, ते बुधवारपर्यंत कळव."