शनिवारच्या चिठ्ठ्यांना गुण

सर, शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही एक प्रश्न घालून उत्तर लिहायला आम्हाला कागदाचे कपटे वाटायचात, तसे मी अजूनही माझ्या वर्गात वाटते. वाटते आणि गोळा करते, पण त्यांत आता काही नसतं. हे आमच्या कॉलेजात कुणाला सांगायची सोय नाही. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी शिकवताना अडलं की तुम्हाला विचारायची सवय सुटलेली नाही.

कमठाण्याहून एस.टी.नं बिदरच्या कॉलेजात येणारी आमच्या घरातली मी पहिलीच. वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून घरात शिकण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि शिकणाऱ्यानं चुकायचं नसतं असं मी आपलं ठरवून टाकलेलं. तुमचा पहिला प्रश्न होता, माठातलं पाणी गार का होतं? मी गाइडातलं उत्तर शब्दही न बदलता उतरवलं. तुम्ही मला उभं केलंत. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, माझे कान तापलेत आणि तुम्ही म्हणताय, "हे पुस्तकातलं हाय. तुला काय वाटतंय ते लिही की. चुकायला भ्यायलीस कामून? तुझं चुकलेलं मला दिसल्याबिगर मी शिकवू काय?" पुढच्या शनिवारी मी भीतभीत लिहिलं, माठाची माती मुळातच थंड असते. त्याच्याखाली तुम्ही ना फुली मारलीत, ना गुण दिलेत. फक्त लिहिलंत, 'मग रिकामा माठ गार का नसतो?' घरी येऊन मी अडगळीतल्या कोरड्या माठात कोपरापर्यंत हात घातला. आई म्हणाली, "काय शोधायलीस त्यात?" वार्षिक पेपरात तो प्रश्न आलाच नाही; पण फिजिक्स मला कळायला लागलं ते त्या माठापासून.

पुढं हुमनाबादला मला नोकरी लागली आणि मी तुमचा शनिवार सुरू केला. ठाणाकुशनूरची एक मुलगी होती, शेतकऱ्याची. इथं खोली घेऊन राहायची. तिच्या चिठ्ठीत उत्तर कमी आणि प्रश्नच जास्त. हायवेवरची लॉरी जवळ येताना हॉर्न बारीक वाजतो आणि पुढं गेली की जाड, असं कामून? हे तिनं आपल्या कानांनी ऐकून लिहिलेलं. मी तो तास तिच्या लॉरीवरच घेतला. वर्षाच्या शेवटी मात्र फिजिक्सचा तीन तासांचा इंग्रजीतला पेपर बघून ती गोठली, व्याख्या आठवेनात, नापास झाली. जी मुलगी मला वर्षभर दिसत होती, ती पेपर तपासणाऱ्याला दिसली नव्हती. मी बैठकीत उभी राहिले, भांडले, म्हणाले की वर्षभराच्या कामालाही गुण असावेत. काही काळानं विद्यापीठाचंही तसंच ठरलं. चिठ्ठ्यांचे गुण निकालात धरले जाऊ लागले आणि त्यांच्याच आधारानं ती मुलगी, पेपर पुन्हा देऊन, पुढच्या वर्षात गेली. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

आणि मग चिठ्ठ्या कोऱ्या होत गेल्या. म्हणजे भरलेल्या असायच्या, पण गाइडानं. सगळ्यांची उत्तरं एकसारखी, बिनचूक. त्या मुलीचीही. मी तिला वऱ्हांड्यात गाठलं. "तुझे प्रश्न कुठं गेले गं?"

"हायत की मॅडम."

"मग लिहीत का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "आधी चुकलेलं तुम्ही वाचून सोडून देत होता. आता त्ये तुमच्यापाशीच ऱ्हातंय. नंबर जात्यात."

मी वर्गात सांगितलं की चुकलं म्हणून गुण कापणार नाही. पोरं नुसती हसली. ज्या हातात गुण, त्या हातावर कोण विश्वास ठेवणार? बिनगुणांची वेगळी चिठ्ठी सुरू केली, तर वेळ जातो म्हणून कुणी लिहीना. प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्हीच मागितलेत ना मॅडम? आता काढून टाकू म्हणता. ह्याच्यावर पास झालेल्या पोरांना काय सांगू?" गुण ठेवले तर मुली बोलत नाहीत, काढले तर त्याच मुली त्या पेपरात बुडतात. दोन्हीकडून दार माझ्याच हातानं लागलेलं. शिकवणारीही मीच आणि निवाडा करणारीही मीच.

ती मुलगी यंदा फर्स्ट क्लासात पास झाली. पेढे घेऊन आली, पाया पडली. मी विचारलं, "हॉर्नचं आठवतंय?" तिनं डॉप्लरची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, इंग्रजीतून, एकही शब्द न चुकता. मी तिला शाबास म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

परवा विद्यापीठाची माणसं कॉलेज बघायला आली होती. ह्या नव्या पद्धतीत तुम्हाला काही अडचण आहे का, असं त्यांनी मला विचारलं. बाजूला प्राचार्य उभे होते, आणि माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातून अजून जायचा आहे. मी म्हणाले, "काहीच नाही सर, उत्तम चाललंय."