प्याल्यातला शेवटचा घोट

अण्णा, आपल्या मंडळीत प्रीतीवर बोलणारे खंडीभर आणि माणसाशेजारी जाऊन बसणारे मोजके, ही तुमची आणि माझी जुनी तक्रार. तुम्ही ती देवाकडे करायचात, हळू आवाजात. मी ती लोकांकडे करत आले, चर्चमधून, मेळाव्यांतून, माईक हातात घेऊन. आज ती तुमच्याकडे करायला बसले आहे, कारण काल दुपारी बेळ्ळंदूरहून एक फोन आला आणि तेव्हापासून ह्या घरात मला तुमचा खोकला ऐकू येतो आहे. दोनदा उठले. दुसऱ्यांदा तर पाण्याचा पेला भरून घेतला, आणि मग तो कुणाला द्यायचा ते कळेना.

फोनचं नंतर सांगते. आधी तो रविवार, नव्वदच्या दशकातला. आपली बेंगळुरूतली मराठी मंडळी लहान. कुणी रेल्वेतले, कुणी मिशन हॉस्पिटलातले, कुणी पलटणीतून निवृत्त झालेले. स्वतःचं चर्च नव्हतं. सकाळची कन्नड उपासना आटोपली की दुपारी त्याच बाकांवर आपण बसायचो. बाकांना अजून त्यांच्या बायकांच्या गजऱ्यांचा वास असायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि त्यासाठी एकच चांदीचा प्याला, सगळ्यांच्या ओठांना लागणारा. एकाचा घोट झाला की पाळक म्हणून तुम्ही कडेवरून पांढरा रुमाल फिरवायचात, प्याला किंचित वळवायचात आणि पुढच्यासमोर धरायचात. लहानपणी मला वाटायचं, देव ह्या रुमालाच्या घडीत राहतो.

त्या वर्षी मंडळीतल्या एका विधवेचा मुलगा मुंबईहून परत आला. तिथे हॉटेलात वेटर होता. त्याची आई केव्हाच वारली होती. आला तेव्हा अंगावर हाडं तेवढी शिल्लक होती. आजाराचं नाव एड्स, पण ते कुणी तोंडातून काढत नव्हतं. ‘त्याला ते आहे’ एवढंच म्हणायचे आणि पदर तोंडाशी न्यायचे. तो मागच्या बाकावर एकटा बसायचा. पहिला रविवार जवळ आला तसे मंडळीचे मुख्य पंच आपल्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. ह्याच माणसाने लहानपणी मला खांद्यावर बसवून नाताळची रोषणाई दाखवली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्ही दोघं बसलात, आई कॉफी उकळत होती, मी दारात उभी होते.

“पाळकसाहेब, स्वल्प समजून घ्या. प्रश्न माणसाचा नाही, प्याल्याचा आहे.”

“मिशन हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. प्याल्यानं काही होत नाही म्हणाल्या.”

“त्या येतात का आपल्यात प्यायला? आमच्या सुना येतात. एक पोटुशी आहे.”

“भाऊ, तुमच्या सुना घरी एकमेकींच्या भांड्याला तोंड लावत नाहीत,” आई चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, “इथं प्याल्याशी आल्या की बऱ्या एक होतात!”

“वहिनी, तुम्ही कॉफीचं बघा.” मग तुमच्याकडे वळून म्हणाले, “सगळ्यांचं झालं की त्याला द्या. शेवटी पिऊ दे. म्हणजे तोही दुखावत नाही, आम्हीही नाही.”

“सरी, चालेल,” तुम्ही म्हणालात. लगेच. इतकं लगेच की त्यांना हायसं वाटून त्यांनी कॉफी आणखी मागून घेतली.

मी पेटले. त्या रविवारचा उपदेश मी करायचा होता, आणि मी तो असा लिहिला की एकेकाची सालं निघावीत. रात्रंदिवस वाचलेलं सगळं त्यात ओतलं होतं. तुम्ही कागद शांतपणे वाचलेत, चष्मा काढलात. “यातलं सगळं खरं आहे,” म्हणालात. “पण हे ऐकून कुणी उठून त्याच्या बाकावर जाऊन बसेल का गं? तू त्यांना हरवायला निघालीस. हरलेला माणूस घरी जातो.” मी कागद फाडला नाही. बोललेच. अर्ध्यावर लोक खिडकीबाहेर बघायला लागले, आणि तुम्ही खाली मान घालून ऐकत राहिलात.

आणि मग ते. ओळ सरकते आहे, रुमाल फिरतो आहे, सगळ्यांचं होतं. तो मागून येतो, एकेका बाकाला धरत. गुडघे टेकतो. तुम्ही प्याला त्याच्या ओठांना लावता, तो घोट घेतो, त्याला ठसका लागतो, तुम्ही थांबता, पुन्हा लावता. तो परत जातो. मंडळीत सुटकेचा श्वास, चपला चाचपणारे पाय. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात येतं. प्याल्यात उरलेला द्राक्षरस कुणी ओतून देत नाही. तो पाळकाने प्यायचा असतो, तळापर्यंत, सगळ्यांसमोर. जन्मभर हे दर महिन्याला घडत आलं होतं आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. ओळीतला शेवटचा माणूस कोण हे पंचांनी ठरवलं, आणि प्याला धरणाऱ्याला विसरले. तुम्ही प्याला उचललात. मुख्य पंच जागेवरून अर्धवट उठले. तुम्ही प्यालात. त्यात पाणी घातलंत, खळबळवलंत, तेही प्यालात. मग रुमालाची घडी केलीत.

मी चर्चमागच्या खोलीत तुमच्यामागोमाग आले. तुम्ही वेताच्या खुर्चीत बसला होतात आणि घडी केलेला तो रुमाल पुन्हा पुन्हा उलगडून घडी घालत होतात.

“अण्णा, भीती वाटली?”

“वाटली गं. डॉक्टरीणबाईंचं डोक्याला पटलं होतं. घशाला नाही पटलं.” आणि तुम्ही हसलात, ओशाळून, पोरासारखे.

घरी आईने कॉफीचा पेला हातात धरून विचारलं, “मंडळीला शिकवून आलात. आता मला सांगा, हा वेगळा ठेवू का?” तुम्ही म्हणालात, “तुझी मर्जी.” तिने त्यातला एक घोट घेतला, “साखर कमी झालीय,” म्हणाली, साखर घातली आणि तोच पेला तुमच्यासमोर ठेवला. ह्याहून मोठा उपदेश मी आजवर ऐकलेला नाही, आणि मला तो कधी देताही आला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बसवनगुडीत एका घराच्या मागच्या अंगणातली त्या मुलाची खोली, तुमची रोजची बस, डबा, त्याला घातलेल्या आंघोळी. तो तुमच्या हातात गेला. पंचांनी चर्चच्या वरिष्ठांकडे तक्रार केली आणि तुमची बदली देवनहळ्ळीपलीकडच्या खेड्यात झाली. तिथेच तुमचं हृदय थांबलं. इथे मागाहून प्याला कपाटात गेला, प्रत्येकाला आपापला छोटा ग्लास आला. तुम्हाला त्या मुख्य पंचाने मारलं, असं मी मनात लिहून ठेवलं. अण्णा, माझं सगळं वक्तृत्व त्याच विस्तवावर शिजलं आहे. नाव न घेता मी त्याला गावोगाव उपदेशांत उभं केलं. त्याचा द्वेष करत मी प्रीतीवर बोलत आले, आणि लोक डोळे पुसत आले.

तर काल फोनवर त्या पंचांची सून, बेळ्ळंदूरच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमधून. “अक्का, तुम्ही पाळकसाहेबांच्या कन्या ना? आमचे सासरे आता अंथरुणातच असतात. रोज तुमच्या वडिलांशी बोलतात.”

“म्हणजे?”

“पलंगाजवळ खुर्ची ओढायला लावतात. ‘पाळकसाहेब, बसा,’ म्हणतात. मग तासभर चालतं. मध्येच हसतात पण. खोलीत कुणी नसतं, अक्का. मुलं आता तिकडे फिरकत नाहीत. मलाही ताट आत ठेवून पळावंसं वाटतं.”

“बोलतात काय?”

“जुनं काहीतरी, स्वल्प कळतं, स्वल्प नाही. शेवटी मात्र रोज एकच विचारतात, ‘पाळकसाहेब, तुमची मुलगी का येत नाही?’”

मेलेली माणसं प्रभूजवळ विसावतात, इमारतींतून भटकत नाहीत, हे मी स्वतः शिकवते. भुताखेतांवरून मी लोकांना झोडपून काढलं आहे. तरी फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो विश्वासाचा नव्हता, मत्सराचा होता. मी तुमच्या कबरीपाशी उभी राहिले, अवतीभवती प्लॉट पडले, रस्ते आले, मी हाका मारल्या. तुम्ही आला नाहीत. आणि त्याच्याकडे जाता? लिफ्टची धास्ती असलेले तुम्ही, त्या उंच इमारतीत, रोज? कुणी आत जायला धजत नाही अशा खोलीत बसायची तुमची खोड मरूनही गेली नाही का?

हे पत्र मी कबरीवर वाचणार नाही. प्रार्थनेतही घालणार नाही. तिथे ऐकणारा वेगळा आहे आणि त्याच्यासमोर अजून माझी तयारी नाही. उद्या सकाळी मी बेळ्ळंदूरला जाते आहे. लोकांना कळलं तर म्हणतील, क्षमा केली. केलेली नाही. त्या माणसासाठी मी जातच नाही, तुम्ही दिसाल म्हणून जाते. आणि वाटतं, दार उघडल्यावर पलंगाजवळची ती खुर्ची रिकामी दिसली तर? मग तिच्यात मलाच बसावं लागेल.

अण्णा, मी येईपर्यंत उठू नका.