सुधारलेलं मशीन आणि भूमीबाबाचा कौल

शेनकांग,
जुन्या पंचांगाच्या बाराव्या महिन्याची एकोणीस

ती. ताईस,

आ-थायचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग तुमच्या चर्चमध्ये चालत नसेल, तर त्यातली अंगं तुला हवी तेवढी कमी कर आणि उरलेला नमस्कार ठेवून घे.) भावोजींना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? थायतुंगला समुद्राचा वारा सुटला असेल, त्यांना पट्टा बांधायला सांग. इकडे मी ठीक आहे, म्हणजे कमरेच्या वर ठीक आहे. ली-युन ठीक आहे. माझ्यावर चिडलेली आहे, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती तिची प्रकृतीच धरायची. आईही ठीक आहे. फोन केला की तू नुसतं ‘बरं’ म्हणतेस आणि ठेवतेस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र निदान मध्येच कापता येत नाही. बाबांच्या अंत्यविधीला तू उदबत्ती हातात घेतली नाहीस, आणि आई सगळ्यांसमोर म्हणाली, "मग ह्या घरात पाऊल टाकू नकोस," त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तू आली नाहीस आणि तिने बोलावलं नाही. त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त माझ्या मशीनबद्दल आहे.

तुला माहीतच आहे, मी लेथच्या कारखान्यात सगळी नोकरी खरेदी खात्यात काढली. हजारो मशीनचे भाग मागवले, पण एकाही मशीनला हात लावला नाही. निवृत्त झाल्यावर हात लावावासा वाटला आणि टेबलावर मावेल असं लाकूड कोरायचं एक कम्प्युटरवरचं मशीन आणलं. आपल्या गल्लीत हे करणं म्हणजे कोळीवाड्यात जाऊन काचेच्या भांड्यात मासा पाळण्यासारखं आहे. इथे दर तिसऱ्या घराच्या तळमजल्यावर खरीखुरी लोखंड कापणारी मशीनं चालतात. समोरचे लाय काका (तेच, देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष, ज्यांच्या गिरमिटाच्या आवाजाने तुझी दहावी बुडता बुडता राहिली) येता-जाता विचारायचे, "काय आ-थाय, शिवणयंत्र कसं चाललंय?" मी हसून घ्यायचो. पण माणूस हसून किती घेईल?

म्हणून ह्या वर्षी मशीन सुधारायचं ठरवलं. जुन्या मशीनमध्ये एक कटकट होती. जाड औजाराने कोरून झालं की बारीक औजार लावायला मशीन थांबवायचं, दोन पाने घ्यायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, आणि दर वेळी बोटाचं सालटं काढून घ्यायचं. तर मी नवा कंट्रोल आणला, स्क्रीनवाला. हवेच्या जोरावर औजार आपोआप सोडणारी आणि पकडणारी नवी मोटार आणली. सहा औजारं ओळीने उभी राहतील अशी एक घोडी आणली. मशीनने स्वतः जायचं, हातातलं औजार घोडीवर ठेवायचं, दुसरं उचलायचं, कामाला लागायचं. मी फक्त खुर्चीवर बसून चहा प्यायचा. (हे चित्र जाहिरातीत होतं. त्यातल्या माणसाला आई नव्हती, बायको नव्हती आणि तळमजल्यावर स्कूटरही नव्हती.)

ताई, काय सांगू! जोडणीच्या पुस्तकात तार निळी होती आणि खोक्यात सगळ्या तारा काळ्या. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा उजवीकडे जा म्हटलं की डावीकडे जायचं. ली-युन म्हणाली, "अगदी तुझ्यावर गेलंय." ते सुधारलं तर वर-खाली उलटं झालं. मग पहिल्यांदा औजार बदलायची वेळ आली. मशीन ऐटीत घोडीकडे गेलं आणि ज्या खाचेत आधीच एक औजार उभं होतं त्याच खाचेत हातातलं दुसरं कोंबायला लागलं. मी थांबवायचं बटण शोधतोय, ते स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर. तोवर खाच मोडली आणि उडून आईच्या मोहरीच्या पाल्याच्या टोपलीत पडली. आईने ती पाल्यासकट धुतली, चिरायला घेतली आणि सुरीला धार राहिली नाही म्हणून मलाच बोलली.

शिवाय औजार सोडताना ते मशीन फुस्स करून हवा सोडतं. हुबेहूब बाबांसारखं. आठवतंय, कारखान्यातून आल्यावर बाबा दारातच कसा सुस्कारा टाकायचे? पहिले काही दिवस फुस्स झालं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी चपला काढा!" मग तिच्या लक्षात यायचं आणि ती पुन्हा पाला चिरायला लागायची. आता ती ओरडत नाही. मलाच चुकल्यासारखं होतं.

ह्या सगळ्यात मी एक शहाणपणा केला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. (तुला रामायण म्हणजे काय ते माहीत नसलं तर लांबलचक भानगड एवढं समज. कारखान्यात आमच्याकडे पुण्याचे एक साहेब मशीन घ्यायला यायचे, त्यांचा शब्द.) नवं औजार उचललं की मशीनने आधी एका बटणाला जाऊन टेकायचं असतं. त्यावरून त्याला कळतं की हे औजार किती लांब आहे, म्हणजे किती खोल जायचं. पण ते टेकायला जाताना इतकं सावकाश जायचं की नव्या नवरीनेसुद्धा त्याला ‘लवकर चल’ म्हणावं. मी वैतागलो. एकदा मोजलंय ना, औजार काय रात्रीतून वाढतं? मी ते मोजणं बंदच करून टाकलं. औजार वाढत नाही हे खरं. पण पकडीत नीट आवळलं नसेल तर सरकतं, हे खरेदी खात्यात कोणी सांगत नाही.

त्याच आठवड्यात लाय काकांच्या काळ्याने (त्यांचा कुत्रा, एरवी गरीब) गल्लीतल्या भूमीबाबाच्या देवळात शिरून, देवाला कौल लावताना जमिनीवर टाकतात त्या जोडीतला एक तुकडा चावून टाकला. लाय काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. अध्यक्षाच्याच कुत्र्याने देवाची जीभ खाल्ली म्हटल्यावर काय बोलणार! नवी जोडी उदबत्तीच्या दुकानात कुठेही मिळते, आणि ली-युनने तसं सांगितलंही. पण मी भर गल्लीत म्हणून गेलो, "मी करून देतो. माझ्या शिवणयंत्रावर."

आणि केली. बांबूच्या मुळाची, चंद्रकोरीसारखी, एक बाजू सपाट, एक फुगीर. मशीन आपणहून औजारं बदलत होतं, मी खरोखर खुर्चीवर बसून चहा प्यालो. आयुष्यात एवढा ताठ मी कधी बसलो नव्हतो. कोरता कोरता औजार पकडीतून खाली सरकलं, ते मशीनला कळलं नाही आणि मलाही नाही. एका तुकड्याचं पोट जड राहिलं, दुसऱ्याची पाठ जास्त कोरली जाऊन चपटी झाली. लाल रंगाचे हात दिल्यावर दोघं जुळे भाऊ दिसायला लागले. पण टाकले की (हे मला फार उशिरा कळलं) एक कायम उताणा पडायचा आणि एक कायम पालथा. आता तू कितीही चर्चला गेलीस तरी एवढं विसरली नसशील: दोन्ही पालथे म्हणजे ‘नाही’, दोन्ही उताणे म्हणजे देव नुसता हसतोय, उत्तर देत नाही, आणि एक उताणा एक पालथा म्हणजे ‘हो’.

देवळात द्यायच्या आधी पहिला मान आईचा म्हणून मी जोडी तिच्या हातात दिली. तिने काय विचारलं असेल ते तुला सांगायला नको. दर वर्षी ह्याच महिन्यात ती देवळात जाऊन तेच विचारते: नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, लेकी माहेरी येतात त्या दिवशी, माझी पी-श्या येईल का? दर वर्षी जुनी जोडी ‘नाही’ म्हणायची, नाहीतर देव हसायचा, आणि आई घरी येऊन म्हणायची, "मी आपलं भाताचं विचारायला गेले होते." ह्या वेळी ‘हो’ आलं. तिने पुन्हा टाकली. हो. तिसऱ्यांदा टाकली, हो. मग तिने त्यातला एक तुकडा गालाला लावला आणि मला म्हणाली, "मशीन चांगलं आहे हो तुझं." मी तेव्हा हवेत होतो. मला वाटलं, माझ्या कारागिरीचं कौतुक चाललंय.

मग सोळाव्याला वर्षअखेरची पूजा झाली. पुढच्या वर्षीचा यजमान कौल लावूनच ठरतो. एकेका घराने टाकत राहायचं, ‘हो’ चुकलं की थांबायचं, ज्याला सगळ्यात जास्त ‘हो’ तो यजमान. पहिल्या आल्या गल्लीतल्या लियाव वहिनी. त्यांना हो आलं, परत हो, परत हो. दहा झाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस झाले तेव्हा वहिनी रडायला लागल्या, की भूमीबाबाची माझ्यावर एवढी माया! चाळीसच्या पुढे त्यांचा खांदा दुखायला लागला आणि त्या म्हणाल्या, "बाबा, पुरे ना आता, पाव गार होताहेत." (मांस भरलेले वाफेचे पाव बाहेर मांडून ठेवले होते, सगळ्यांचं लक्ष तिकडेच.) शेवटी त्यांना बसवलं आणि दुसऱ्याला उभं केलं. त्यालाही तेच. तिसऱ्यालाही. भूमीबाबा कोणाला नाहीच म्हणेनात. एका म्हातारीने मध्येच घुसून सुनेबद्दल काहीतरी विचारून घेतलं. दुसऱ्याने लॉटरीचं.

लाय काकांचं डोकं लोखंडात मुरलेलं. ते पुढे आले, जोडी हातात धरली आणि मोठ्याने विचारलं, "भूमीबाबा, आमचा काळ्या तुमचा थोरला भाऊ आहे का?"

हो. हो. हो.

लाय काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शिवणयंत्रच बरं होतं रे तुझं!" आणि मग जी हशा-शिव्यांची राळ उडाली ती मी लिहीत नाही. उदबत्तीच्या दुकानातून नवी जोडी आणली (ली-युन माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, एवढं तिला सुख झालं होतं) आणि यजमानपद लियाव वहिनींनाच गेलं. काही लोकांना मात्र अजून शंका आहे. काळ्याला रोज कोणीतरी मांसाचा तुकडा आणून घालतं, आणि जाताना हात जोडतं. तो फुगलाय.

मी घरी येऊन मशीन तपासलं, चूक सापडली, औजार आवळलं, मोजणं पुन्हा चालू केलं. आता अगदी नवरीच्या चालीने चालतं, आणि मी मुकाट्याने बसतो. ताई, खरं सांगू, मी थकलोय. मशीन सुधारता सुधारता माणूस किती बिघडतो ह्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. आईचे गुडघे धरलेले असल्याने ती पूजेला आली नव्हती, आणि देवळातली गंमत तिला सांगायची नाही असं मी सगळ्या गल्लीला हात जोडून सांगितलंय. तिला अजून काहीच ठाऊक नाही. ती मुळ्याच्या वड्या वाफवते आहे. तू लहानपणी कडेच्या खायचीस म्हणून कडेच्या वेगळ्या ठेवते आहे. गाद्यांना ऊन दाखवून झालं. मी तुला ये म्हणत नाही. मी मशीनबद्दल लिहितोय.

भावोजींना एवढंच विचार, की हवा सोडताना होणारा आवाज कमी करायला त्यांच्याकडे काही युक्ती आहे का. चर्चची बाजाची पेटी ते दुरुस्त करतात, त्यांना हवेतलं कळत असेल. पत्राचं कारण तेवढंच.

तुझा,
आ-थाय

ता. क. भावोजींना काही विचारू नकोस. आवाजाचं मी बघितलं, एक रबर लावलं की गेला. पण लावलेलं रबर आईने काढून ठेवलं.

ता. क. दुसरं. ताई, तू ये. तू भूमीबाबाला मानत नाहीस हे बरंच आहे, कारण ह्यात त्याचा काही हात नाही, सगळा माझा आहे. मी एक खोटं ‘हो’ कोरलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. ते खरं करणं मला जमणार नाही, त्याला औजार नाही माझ्याकडे. उदबत्तीचं मी आईजवळ हळूच काढलं होतं. म्हणाली, "उदबत्त्या मी लावीन, तिने बाबांपुढे चहा ठेवला तरी चालेल." सकाळची गाडी धर, मी स्टेशनवर स्कूटर घेऊन येतो. भावोजींच्या गुडघ्यासाठी टॅक्सी करू.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवायच्या आधी मला राहवलं नाही. आईला सगळं सांगून टाकलं: मशीन, सरकलेलं औजार, काळ्या, सगळं. तिने वड्या उलटत शेवटपर्यंत ऐकलं. मग मी नवी जोडी तिच्यापुढे ठेवली, मशीनवर पुन्हा नीट मोजून केलेली, शंभरदा टाकून पाहिलेली, अगदी खरी. म्हटलं, आता पुन्हा विचार. तिने ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाली, "मला मिळालंय उत्तर. परत कशाला विचारायचं? नाही म्हणाला तर?"